झेल्डा २ खेळायचा असेल तर पहिला झेल्डा बाजूला ठेवा

जुन्या गेम्सचा विषय निघाला आणि निन्टेंडोच्या झेल्डा या गेम मालिकेचं नाव आलं की कुणीतरी हमखास म्हणतंच, 'दुसरा भाग सोडून दे रे, तो भलताच आहे'. हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत, म्हणून आज नीट बसून लिहितोय. 'झेल्डा २: द अ‍ॅडव्हेंचर ऑफ लिंक' यंदाच्या पावसाळ्यात मी फोंड्याला घरी निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर शेवटपर्यंत खेळलो. तो पहिल्यापेक्षा वेगळा आहे हे कुणीच नाकारणार नाही, पण वेगळा म्हणजे वाईट हे कुणी ठरवलं? माझं मत सरळ सांगतो, तलवारीने समोरासमोर लढायचा गेम म्हणून त्या काळातल्या घरच्या कन्सोलवर याच्या तोडीचं मी फारसं काही बघितलेलं नाही. ज्यांना पहिला मनापासून आवडतो त्यांनी तर हा खेळायलाच हवा, फक्त पहिल्याने जे दिलं तेच याच्याकडे मागत बसू नका.

आधी थोडी पार्श्वभूमी. पहिला झेल्डा जपानात फेब्रुवारी १९८६ मध्ये आला आणि हा दुसरा जानेवारी १९८७ मध्ये, म्हणजे मध्ये पुरतं वर्षसुद्धा गेलं नव्हतं. दोन्ही निन्टेंडोच्या फॅमिकॉम कन्सोलच्या डिस्क सिस्टीमवर. अमेरिकेत मात्र चिप्सचा तुटवडा होता त्यामुळे हा डिसेंबर १९८८ मध्ये पोचला, तिथल्या लोकांना पहिल्यासारखंच सोनेरी कार्ट्रिज मिळालं, आत बॅटरी, गेम सेव्ह व्हायची सोय. बाहेरून बघितलं तर जुळा भाऊ, आणि चालू केला की नायक लिंक बाजूने दिसतोय, उडी मारतोय, एक्सपिरियन्स पॉइंट जमवतोय! त्या वेळच्या पोरांना काय धक्का बसला असेल बघा. तरी जगभर ४३ लाखांच्या वर प्रती खपल्या, तेव्हा फ्लॉप वगैरे म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

आपल्याकडे ही गोष्ट तेव्हा कळलीच नाही. आपण व्हिडिओ गेम म्हटलं की ती पिवळी कॅसेट, त्यात शेकड्याने गेम लिहिलेले आणि प्रत्यक्षात तेच तेच दहा-बारा, मारिओ, काँट्रा, बदकं मारायचा गेम. झेल्डा त्यात माझ्या तरी बघण्यात कधी आला नाही आणि येणार कसा, सेव्ह करायला बॅटरी लागते, ती त्या स्वस्तातल्या कॅसेटमध्ये कोण घालणार. त्यामुळे आपल्यातले बहुतेक जण या मालिकेत फार उशिरा शिरले, कुणी मोबाईलवरच्या एम्युलेटरमधून, कुणी स्विच आल्यावर. माझा स्विच आतेभावाने दुबईहून आणला. जुन्या एनईएसचे (फॅमिकॉमचंच जपानबाहेरचं रूप) गेम स्विच ऑनलाइनच्या साध्या सबस्क्रिप्शनमध्येच येतात, अमेरिकेचं अकाउंट काढलं तर वर्षाला २० डॉलरच्या आसपास, वरचा महागडा प्लॅन यासाठी घ्यायची गरज नाही. पहिला आणि दुसरा, दोन्ही झेल्डा त्यात आहेत. आणि आमच्याकडे पावसात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा बॅटरीवर हातात धरून खेळता येणं हा या गेमसाठी फार मोठा फायदा आहे. मोठा राजवाडा (गेममधला एक टप्पा) अर्धा संपवलाय आणि टीव्ही बंद, हे दुःख ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

आता मुद्द्यावर. पहिल्या गेममध्ये तुम्ही वरून बघता, हवं तिकडे फिरता, झुडपं जाळता, भिंतीला बॉम्ब लावता, रुपी म्हणजे गेममधले पैसे जमवून दुकानातून वस्तू घेता, त्या गेमचा सगळा जीव शोधाशोधीत आहे. दुसऱ्यात नकाशा वरून दिसतो, पण तो फक्त एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला, नकाशावर राक्षसाची आकृती तुम्हाला येऊन चिकटली की चित्र बदलतं आणि तुम्ही बाजूने दिसणाऱ्या मैदानात उतरता. जंगलात चिकटली तर जंगल, दलदलीत तर दलदल, कब्रस्तानात तर कब्रस्तान. रस्त्यावर उभे असताना चिकटली तर तिथे कुणीच नसतं, सरळ चालत बाहेर पडा, म्हणून शहाण्याने रस्ता सोडू नये. दुकानं नाहीत, रुपी नाहीत, बॉम्ब नाहीत, धनुष्य नाही. एक तलवार, एक ढाल आणि आठ मंत्र, एवढ्यावर संसार.

आणि हे असं का केलं त्यालाही कारण आहे. पहिला गेम निन्टेंडोच्या मियामोतो आणि तेझुका या जोडीने दिग्दर्शित केला होता, दुसऱ्यात मियामोतो निर्माते आणि दिग्दर्शन तादाशी सुगियामा आणि यासुहिसा यामामुरा यांचं. वर-खाली वार करायचा आणि वर-खालीच अडवायचा, असा बाजूने दिसणारा अ‍ॅक्शन गेम करायचा ही मूळ इच्छा मियामोतोंची होती आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं. म्हणजे ढाल आणि तलवार आधी, बाकीचं नंतर. हे एकदा डोक्यात बसलं ना की गेममधली प्रत्येक गोष्ट जागेवर बसते.

यातली लढाई काय आहे ते जरा सावकाश सांगतो, कारण माझ्या दृष्टीने अख्खा गेम तिथे आहे. लिंक उभा असला की ढाल छातीपाशी असते, वरचा वार अडतो. खाली बसला की ढाल खाली, पायावरचा वार अडतो. ढालीसाठी वेगळं बटण नाही, तुम्ही वार करत नसाल तर ढाल आपोआप पुढे, म्हणजे वार करायला हात पुढे काढलात की त्या क्षणाला तुम्ही उघडे. आता समोर उभा करा आयर्न नकल, हा डोक्यापासून पायापर्यंत चिलखत घातलेला शिपाई, राजवाड्यांत भेटतो. त्याच्याकडे पण तलवार, त्याच्याकडे पण ढाल. तुम्ही उभ्याने मारायला गेलात की तो ढाल वर घेतो, बसून मारायला गेलात की खाली आणतो, आणि मधल्या मध्ये तो पण वर किंवा खाली भोसकतोय ते तुम्हाला बघून अडवायचंय. दोन पावलं पुढे, एक मागे, परत पुढे. बाकी गेममध्ये शत्रू म्हणजे ठरलेल्या वाटेने चालत येणारी वस्तू असते, इथे समोरचा तुमच्याकडे बघून खेळतो, निदान वाटतं तरी तसंच. आणि १९८७ मध्ये!

माझा भाचा साखळीहून आला होता, वय वर्षं बारा, मोठे थ्रीडी झेल्डा कोळून प्यालेला. सुरुवातीला त्याला हे चित्र बघूनच कंटाळा आला होता. पहिल्या राजवाड्यातला केशरी आयर्न नकल मी मारत होतो आणि हा बाजूला बसून बघत होता, थोड्या वेळाने म्हणतो, 'मामा, तू बसायला गेलास की तो ढाल खाली आणतो बघ, तेवढ्यात उडी मार आणि खाली येताना तोंडावर घाल.' आणि बरोबर होतं त्याचं. उडी मारून खाली उतरता उतरता वार केला की तलवार ढालीच्या वरून जाते. त्यानंतर कंट्रोलर काय माझ्या हातात परत आला नाही त्या दिवशी. केशरी झाला की लाल येतो, त्याला जास्त वार लागतात, आणि मग निळा, तो लांबूनच सुऱ्यांसारख्या तलवारी फेकत येतो, कधी वर कधी खाली, आणि तुम्ही त्या अडवत अडवत त्याच्यापर्यंत पोचायचं. निळ्याला पहिल्यांदा एकही फटका न खाता मारलं ना तेव्हा आम्ही दोघं एवढे ओरडलो की आतून ताई बघायला आली.

पहिल्या झेल्डात वस्तू सापडल्या की तुम्ही ताकदवान होता. इथे लिंकपेक्षा तुमचा हात जास्त तयार होतो. सुरुवातीला ज्याच्यापुढे टिकता येत नव्हतं तोच शिपाई गेमच्या शेवटाकडे तुम्ही चालता चालता उडवता, आणि त्यात लेव्हलचा वाटा आहे तसा तुमच्या बोटांचा पण आहे.

लेव्हलचं गणितसुद्धा विचार करून केलंय. राक्षस मारून मिळालेल्या पॉइंटवर तीन गोष्टी वाढतात, अ‍ॅटॅक, मॅजिक आणि लाईफ, प्रत्येक ८ पर्यंत. अ‍ॅटॅक २ ला न्यायला २०० पॉइंट, मॅजिकला १००, लाईफला ५०, पुढे हे वाढत वाढत अ‍ॅटॅकची शेवटची पायरी ८००० ला जाते. पॉइंट पुरले की गेम थांबून विचारतो वाढवायचं का, तुम्ही नको म्हणू शकता आणि महागाच्या पायरीसाठी साठवू शकता. पण सगळे जीव गेले तर साठवलेलं सगळं शून्य. वर काही राक्षस असे आहेत की नुसता त्यांचा फटका बसला तरी पॉइंट खातात. त्यामुळे प्रत्येक वेळी जीव खालीवर होतो, आत्ता ५० ची पायरी घेऊन टाकू की २०० पर्यंत ताणू? माझा सल्ला, सुरुवातीला अ‍ॅटॅक वाढवा, बाकी सगळं सोपं होतं. आणि एक फार उपयोगाची गोष्ट, राजवाडा संपवून त्याच्या शेवटी असलेल्या मूर्तीत स्फटिक बसवला की पुढच्या लेव्हलला जेवढे पॉइंट कमी असतील तेवढे गेम स्वतःच भरून देतो, म्हणून एक लेव्हल नुकती घेतलेली असताना जाऊन स्फटिक बसवा, पुढची अख्खी फुकटात पडते.

जपानी आवृत्तीत तर अजून कडक होतं, गेम ओव्हर झाल्यावर तिन्ही लेव्हल सगळ्यात कमी जी असेल तिच्यावर यायच्या, म्हणजे अ‍ॅटॅक ५ आणि लाईफ १ असेल तर सगळंच १. आपण स्विचवर अमेरिकन आवृत्ती खेळतोय हे नशीबच, तिच्यात मिळवलेल्या लेव्हल राहतात.

बरं, जगाबद्दल. गावं ही या गेमची मोठी देणगी आहे आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पहिल्या गेममध्ये गुहेत बसलेले म्हातारे आणि दुकानदार एवढीच माणसं. इथे अख्खी गावं आहेत, माणसं रस्त्यावरून ये-जा करतायत, एखादी बाई घरात बोलावून लाईफ भरून देते, दुसरी मॅजिक भरते, तळघरात म्हातारा साधू मंत्र शिकवतो पण आधी गावाचं एखादं काम करावं लागतं, कुणाचा चोरलेला मानचिन्हाचा पुतळा आणून द्या, कुणाचा हरवलेला आरसा शोधा, कुणाचं पळवून नेलेलं पोर सोडवून आणा. रौरू, रूटो, सारिया, मिडो, नबूरू, दारुनिया, ही गावांची नावं वाचून नवीन खेळणाऱ्यांना ओळखीची वाटतील, कारण १९९८ च्या 'ऑकारिना ऑफ टाइम' या झेल्डामध्ये हीच नावं माणसांना दिली. मॅजिकचा मीटर इथे पहिल्यांदा आला, ट्रायफोर्स ऑफ करेज (मालिकेतल्या जादूच्या तीन त्रिकोणांपैकी एक) इथे पहिल्यांदा आला, लिंकच्या हातावरची ती त्रिकोणाची खूण पण इथलीच. म्हणजे ज्याला लोक घराण्यातला परका म्हणतात त्यानेच घराला अर्धं सामान दिलंय.

मला सगळ्यात भिडलं ते कासुटो. नकाशावर एक गाव लागतं, ओस पडलेलं, आत गेलं की न दिसणारे राक्षस अंगावर येतात आणि क्रॉस नावाची वस्तू मिळाल्याशिवाय ते दिसतच नाहीत. गावातली माणसं पळून जाऊन रानात वसलीयत आणि ते नवं गाव नकाशावर दिसत नाही, हातोड्याने झाडं तोडत तोडत शोधावं लागतं. एका ओळीत सांगितलेली गोष्ट, कुठे रडारड नाही, कुठे मोठे संवाद नाहीत. पण त्या रिकाम्या गावात शेवटी एक म्हातारा राहिलाय आणि तो थंडरचा मंत्र देतो, ते मला फार आवडलं. एवढ्याशा मेमरीत एवढं!

वस्तूंमुळे नकाशा कसा उघडत जातो ते पण छान आहे. मेणबत्तीने गुहेत उजेड, हातोड्याने दगड फुटतात, हातमोज्याने राजवाड्यातल्या विटा फुटतात, बुटांनी काही ठिकाणी पाण्यावरून चालता येतं. तराफा मिळाला की पूर्वेचा खंड उघडतो, पण तराफा वाटेल तिकडे नेता येत नाही, आमच्या रायबंदर-चोडण फेरीबोटीसारखा या धक्क्यावरून त्या धक्क्याला जातो आणि तसाच परत येतो. परीचा मंत्र टाकला की लिंक छोटी परी होऊन उडतो आणि ही परी कुलूप लावलेल्या दाराच्या भोकातून पलीकडे जाते, किल्ली शोधायचा वैताग वाचतो. हे गेम कुठे सांगत नाही, हाताला लागतं आणि मग काय आनंद होतो.

पण आता तक्रारी, आणि त्या खऱ्या आहेत, गेम आवडतो म्हणून मी त्या झाकणार नाही.

पहिली आणि मोठी, मेल्यावर कुठे परत पाठवतात ती. तीन जीव मिळतात. तिन्ही गेले की पडद्यावर खलनायक गॅननचं हसणं आणि तुम्ही थेट नॉर्थ पॅलेसमध्ये, जिथे राजकन्या झेल्डा झोपलीय, जिथून गेम सुरू होतो. तुम्ही पूर्वेच्या खंडाच्या टोकाला का असेना, चाला परत सगळं. फक्त शेवटच्या ग्रेट पॅलेसमध्ये मेलात तर तिथूनच सुरू करू देतात, एवढी एक दया. मला कठीण गेम आवडतात, हरलो तर परत लढायला माझी ना नाही, पण परत लढायला मिळण्याआधी तो सगळा रस्ता तुडवायचा, यात कौशल्य काय आलं? हा नुसता वेळ खाणं आहे. आणि जादाचे जीव म्हणून ज्या लिंकच्या बाहुल्या ठेवल्यात त्या मोजक्याच, एकदा घेतली की परत येत नाही, त्यामुळे त्या सुरुवातीला वापरून टाकाव्यात की शेवटाला ठेवाव्यात हा प्रश्न नवीन माणसाला कळायच्या आतच निकालात निघालेला असतो.

दुसरी तक्रार डेथ माउंटनची. हातोडा आणायला तिकडे लवकरच जावं लागतं, आणि तिथे गुहांची जाळीच्या जाळी आहे, या भोकातून आत त्या भोकातून बाहेर, आणि आत ते मगरीच्या तोंडाचे कुऱ्हाडवाले. त्यांची कुऱ्हाड साध्या ढालीला जुमानत नाही. म्हणजे आत्तापर्यंत ज्या ढालीवर भरवसा ठेवायला शिकवलं तीच इथे कामाची नाही, आणि तुमची लेव्हल तेव्हा जेमतेम दोन-तीन. गेम सोडून देणारे बहुतेक इथेच सोडतात असा माझा अंदाज आहे. इथे जायच्या आधी रूटोच्या आसपास थोडे पॉइंट जमवून अ‍ॅटॅक आणि लाईफ वाढवा, शिल्डचा मंत्र टाकून आत शिरा, त्याने मार अर्ध्यावर येतो. मंत्र त्या जागेपुरताच टिकतो, बाहेर पडलात की संपला, तेव्हा जपून.

तिसरी, इशारे. काही इशारे मस्त साखळीने येतात. उदाहरणार्थ मिडोत एकजण सांगतो की राजवाड्याबद्दल रूटोच्या एररला विचार. हा एरर तुम्हाला आधी भेटलेला असतो आणि तेव्हा नाव सांगण्यापलीकडे काही बोललेला नसतो. परत जाऊन विचारलं की सांगतो, राजाच्या थडग्याच्या दक्षिणेला भुयार होतं. तिथे जाऊन उभं राहिलं की खाली पडता आणि तिसऱ्या राजवाड्याची वाट सापडते. हे झकास आहे, माणसं एकमेकांना ओळखतात असं वाटतं. पण सारियाच्या नदीवरचा पूल उघडायला बागू नावाच्या माणसाची चिठ्ठी लागते, आणि बागूचं घर जंगलाच्या एका चौकोनात दडवलंय ज्याची वर काही खूण नाही. सहावा राजवाडा पण तसाच, तीन दगडांच्या मध्ये उभं राहून बासरी वाजवायची. अडकलात तर लगेच गाइड बघा, यात काही कमीपणा नाही, त्या काळातली पोरं पण मित्रांना विचारून आणि मासिकं वाचूनच पुढे जायची.

आणि खाली वार करायचा डाव, म्हणजे उडी मारून तलवार खाली धरून राक्षसाच्या डोक्यावर उतरायचं, तो मिडोत एका दाराआड शिकायला मिळतो. दार वर आहे, जंपचा मंत्र टाकून उडी मारली तरच पोचता. नुसता गाव फिरून निघून गेलात तर गेममधला सगळ्यात मजेदार डाव तुमच्या हातून निसटला. विसरू नका. वर वार करायचा डाव पुढे दारुनियात, तिथे धुराड्यातून आत उडी मारायची. खालच्या वाराची चव लागली की अर्ध्याहून जास्त राक्षस तुम्ही डोक्यावर नाचूनच माराल, स्मॅश ब्रदर्स या मारामारीच्या गेममध्ये लिंक हवेतून तलवार खाली धरून येतो तो हाच डाव.

संगीताबद्दल लिहिलंच पाहिजे. पहिल्या गेमचं संगीत कोजी कोंडोंचं, ते तर सगळ्यांना पाठ. इथे अकितो नाकात्सुका. राजवाड्यातली धून लागली ना की अंगात येतं, पहिल्या गेमच्या अंधाऱ्या भुयारातल्या धुनीपेक्षा एकदम उलट, ही तुम्हाला पुढे ढकलते, चल चल म्हणते. २००१ च्या स्मॅश ब्रदर्स मेलीमध्ये टेंपलच्या स्टेजवर हीच धून नव्याने वाजवली आहे, तेव्हा ज्यांनी हा गेम कधी हातात धरला नाही त्यांनाही ती माहीत असते. भाचा पण म्हणाला, 'ही तर मला येते!'

चित्रांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. राजवाडे विटांचे रंग बदलून बरेचसे सारखे दिसतात आणि आतले नकाशे गेममध्ये मिळत नाहीत, तेव्हा वही-पेन्सिल जवळ ठेवा. मी ठेवली होती, शेवटच्या राजवाड्याचा नकाशा तर दोन पानं जोडून काढलाय.

मग कसं खेळायचं? स्विचवर हवं तिथे सेव्ह करता येतं आणि मागे पण फिरवता येतं. पण प्रत्येक फटक्याला मागे फिरवत बसलात तर मी वर जे आयर्न नकलचं कौतुक केलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही, कारण ती लढाई शिकायला मार खावाच लागतो. मी असं केलं, प्रत्येक राजवाड्याच्या दारात सेव्ह, आत गेल्यावर सेव्ह नाही, मागे फिरवणं अजिबात नाही. मेलो तर दारातून परत. त्याने नॉर्थ पॅलेसची पायपीट वाचते आणि आतली धाकधूक सगळी तशीच राहते. नवीन माणसाने असंच खेळावं असं माझं ठाम मत आहे. एका बैठकीत एक राजवाडा, घाई करू नका.

पहिला खेळलेला नसेल तर आधी कुठला, असं कुणी विचारेल. कुठलाही चालेल, गोष्ट फारशी अडत नाही. गॅनन मेलाय, त्याच्या सैन्याला लिंकचं रक्त सांडून त्याला परत जिवंत करायचंय, आणि झोपलेल्या राजकन्येला उठवायला लिंकला तिसरा ट्रायफोर्स हवाय, एवढं कळलं की पुरे. ज्याला फिरायला, शोधायला आवडतं त्याने पहिल्यापासून सुरुवात करावी, ज्याला हाणामारीत डोकं लावायला आवडतं त्याने खुशाल दुसऱ्यापासून. त्याच १९८७ मध्ये कॅसलव्हेनियाचा दुसरा भागही आपल्या पहिल्याला सोडून गावं आणि लेव्हल घेऊन आला होता, आणि अमेरिकेत १९८८ ला मारिओ २ म्हणून जो आला तो तर मूळचा वेगळाच गेम होता, तेव्हा दुसरा भाग म्हणजे पहिल्याचीच मोठी प्रत असा नियम तेव्हा कुणी केलेला नव्हता. मला ते दिवस म्हणून फार आवडतात, लोक हात घालून बघायचे. पुढे १९९१ ला तिसरा झेल्डा आला तो परत वरून दिसणारा, आणि हे बाजूने लढणं मुख्य मालिकेत या पद्धतीने परत आलंच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शेवटचा ग्रेट पॅलेस लांबलचक आहे, खोटे रस्ते, जमिनीत लपवलेली भोकं, आणि फोक्का नावाचे पक्ष्यांच्या तोंडाचे शिपाई जे उड्या मारत मारत लांबून वार फेकतात, आयर्न नकलपेक्षा दुप्पट तापदायक. तिथे शिरायच्या आधी तिन्ही लेव्हल ८ ला न्या. थंडरबर्ड या तिथल्या मोठ्या राक्षसासाठी मॅजिक राखून ठेवा, थंडरचा मंत्र टाकल्याशिवाय त्याला वार लागतच नाही, आणि तो मंत्र महाग आहे.

तो पडला की लगेच लिंकची स्वतःची सावली उठून उभी राहते. तुमच्यासारखीच ढाल, तुमच्यासारखीच तलवार, तुमच्यासारख्याच उड्या. अख्खा गेमभर वर-खाली अडवायला आणि वर-खाली मारायला शिकवून शेवटी तुमच्यापुढे तुम्हालाच उभं करायचं, याहून बरोबर शेवट या गेमला मला सुचत नाही. डाव्या कोपऱ्यात खाली बसून नुसतं बटण दाबत राहिलं तर ती सावली आपोआप मरते, ही युक्ती सगळीकडे सांगितलेली सापडेल. निदान पहिल्या खेपेला ती वापरू नका. दारात सेव्ह आहे, तुमचा हात तोपर्यंत तयार झालेला असतो, मधोमध उभे राहून लढा. मला बऱ्याच वेळा मारलं तिने, पण जिंकलो तो मधोमध उभा राहूनच.